उजव्या खांद्याचा बैल

मी दिवसभर चित्रं काढते, पण मला कुणी चित्रकार म्हटलं की मागं वळून बघावंसं वाटतं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. माझ्या हातात ब्रश नाही, रंगाची डबी नाही. पाटीसारखा एक काळा पॅड आहे. त्यावर प्लास्टिकचा पेन फिरवायचा आणि समोरच्या पडद्यावर रेघ उमटते. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे. सुरुवातीला हे फार अवघड गेलं. मग लक्षात आलं, भाकरी थापताना तरी मी हाताकडं कुठं बघते? त्या दिवसापासून हात बसला.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून बरं वाटतं. मी चौथीपर्यंत शिकले. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथं शाळा तेवढीच होती. पुढची शाळा खाली मेढ्यात आणि मधे रान, त्यामुळे मुलींना कुणी पाठवत नसे. मग माझ्याकडं जनावरं आली. तेव्हा मी चित्रं काढत होते असं काही नाही. मी नुसती बघत होते. दिवसभर दुसरं बघायला नव्हतंच. गाय बसताना पुढचे गुडघे आधी टेकते, उठताना मागची बाजू आधी उचलते, माशी बसली तर सगळं अंग न हलवता तेवढीच कातडी थरथरवते. हे कुणी शिकवलं नाही आणि याचा पुढं काही उपयोग होईल असंही वाटलं नव्हतं. आज वाटतं, माझी खरी शाळा पाचवीपासून पुढं त्या डोंगरावर झाली, आणि त्या जनावरांचे उपकार माझ्यावर आहेत.

लग्न होऊन माधवनगरला आले. घरचे, म्हणजे माझे यजमान, यंत्रमागावर कामाला होते. पहिले काही महिने मागाच्या खडखडाटानं मला झोप यायची नाही, आणि पुढं माग बंद पडले तेव्हा त्या शांततेनं झोप येईना. घरच्यांनी टेम्पो चालवायला घेतला आणि मी फ्लेक्स छापायच्या एका दुकानात लागले. झाडायचं, चहा करायचा, छापून आलेल्या फ्लेक्सच्या कडा कापायच्या, कोपऱ्यांना रिंगा ठोकायच्या. दुकानवाल्यांना मी दादा म्हणते. ते मला वैनी म्हणतात. माणूस बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवत नाहीत.

कॉम्प्युटरवर बसायचं काम माझ्याकडं कसं आलं तेही साधंच आहे. फ्लेक्सवर घालायचा माणूस फोटोतून आधी कापून घ्यावा लागतो. मागची भिंत, झाड, शेजारचा पाहुणा, सगळं काढून नुसता माणूस ठेवायचा. केसांच्या कडेनं, कानाच्या पाळीनं माउस हळूहळू फिरवत न्यायचा. हे काम करणाऱ्या पोरांना धीर नसायचा. कुणाचा कान जायचा, कुणाच्या फेट्याचा तुरा. एकदा लग्नसराईत कोसळलेल्या गर्दीत कामाला कुणीच नव्हतं, तेव्हा दादा वैतागून म्हणाले, वैनी, तुम्ही बसा, तांदूळ निवडता तसं करा. मी बसले. मला ते काम इतकं आवडलं की चहाची वेळ विसरले.

पडद्यावरची नावं सगळी इंग्रजीत. ती मला वाचता येत नव्हती, म्हणून मी माझी नावं ठेवली. ज्या दोरीनं माणसाला वेढा घालून धरायचं, ते दावं. एकावर एक चित्रं ठेवायची सोय आहे, ती माझी गोधडी. दादा अजून हसतात. गिऱ्हाइकासमोर सुद्धा म्हणतात, वैनी, जरा गोधडीचा खालचा पदर वर घ्या. पण मला ते गोधडीवरूनच समजलं. गोधडीत सगळ्यात आतली लुगडी कुणाला दिसत नाहीत, पण ती विरलेली असली तर वरचं कितीही नवं असो, गोधडी टिकत नाही. चित्राचंही तसंच आहे. मी आधी हाडं काढते. मग मांस, मग कातडी, मग केस, आणि शेवटी उजेड. हाडं कुणालाच दिसत नाहीत, तरी त्यांच्यावरच मी जास्त वेळ घालवते.

हे शिकायला मला घरातून मोकळीक लागली आणि ती माझ्या जावेनं दिली. दादांनी पॅड आणला तेव्हा महिनाभर मी दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत थांबून हात बसवत होते. तिनं दोन्ही घरचा स्वयंपाक केला आणि कुणाला बोलू दिलं नाही. माझ्या सासूबाईंनी विचारलंच, एवढं काय करत असती तिथं? तर जाऊ म्हणाली, "जनावरं राखतीया. पयल्यापास्नंची सवय हाय तिला."

ते खरंही होतं, कारण तोवर दुकानात जनावरंच जास्त येऊ लागली होती. बंदी उठून बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून आमच्याकडं माणसांच्या बरोबरीनं बैलांचे फ्लेक्स छापले जातात. बैल मैदान मारून आला की फ्लेक्स, त्याचा वाढदिवस असला की फ्लेक्स, आणि गेला तरी फ्लेक्स. फोटो मात्र सगळे पळत्या गाडीचे, धुरळ्यातले. त्यातून बैल नीट दिसावा म्हणून मी तो वरून रंगवायला लागले. आधी मला खिलार बैल जमत नव्हता. माझे हात डोंगरातल्या बुटक्या जनावरांचे, त्यामुळे पाय जाड यायचे. दादा म्हणायचे, हा शर्यतीचा आहे का उसाच्या गाडीचा? हळूहळू जमला. मान, वशिंड, मागं वळलेली लांब शिंगं. लोक माझं नाव न घेता 'आतल्या बाईंकडनं करून द्या' म्हणायला लागले. मी आतल्या खोलीत बसायची, मधे काचेची अर्धी भिंत. गिऱ्हाईक बाहेर, दादांशी बोलणार, आणि दादा आत येऊन मला सांगणार. मला ते सोयीचं होतं.

ती भिंत ज्यांच्यामुळं माझ्यापुरती गेली, त्या आक्कांविषयी मला लिहायचं आहे.

कृष्णेकाठच्या एका गावातून एक निवृत्त फौजी आले होते. त्यांचा बैल पोट फुगून गेला होता. उजव्या खांद्याला, म्हणजे जोडीत उजवीकडं पळायचा, नावाजलेला. त्याचं तेरावं घालायचं होतं. गावाला जेवण, भजन, चौकात फ्लेक्स आणि घरात लावायला एक फ्रेम. आमच्याकडं हे नवीन नाही. ज्यानं घराण्याला नाव दिलं त्याचं तेरावं करायला कुणाला लाज वाटत नाही. फौजींनी फोनमधला एक फोटो दिला. बैल उजवीकडं तोंड करून उभा, उजव्या कानाला लहानपणी कुत्रं चावल्याची खाच, आणि उजव्या डोळ्याखाली काजळ ओघळल्यासारखा डाग. मी दोन दिवस घालून तो काढला आणि दादांकडं दिला. फ्लेक्सची मांडणी दादा करतात.

मांडणीचा आमच्या धंद्यात एक नियम आहे. फ्लेक्सवर सगळ्यांनी आत बघायचं. डाव्या बाजूच्यानं उजवीकडं, उजव्या बाजूच्यानं डावीकडं. बाहेर बघणारा माणूस रुसून चाललाय असं दिसतं. शिवाय डावी बाजू मानाची, तिथं घरचा कर्ता. त्यामुळं बैल उजव्या बाजूला जाणार, आणि त्याचं तोंड उजवीकडं असल्यामुळं तो बाहेर बघणार. मग एक बटण दाबायचं, चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं, बैल आत बघायला लागतो. माणसांचेही फोटो आम्ही असे रोज फिरवतो. कुणाचा भांग इकडचा तिकडं होतो, कुणाचं घड्याळ उजव्या हाताला जातं, कुणी विचारत नाही. दादांनी सवयीनं बटण दाबलं आणि नमुना फौजींना फोनवर पाठवला. फौजींनी लगेच कळवलं, एक नंबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक बाई येऊन बसल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावर पदर, पायाला एसटीची धूळ. फौजींच्या मालकीणबाई, याच त्या आक्का. दादांनी चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यो छापू नगा. त्यो आमचा बैल न्हाई."

दादांना आधी वाटलं, चित्रात काही चुकलं असेल. त्यांनी बाहेरच्या पडद्यावर चित्र मोठं केलं आणि एकेक खूण दाखवली. कानाची खाच आहे का? आहे. डोळ्याखालचा डाग आहे का? आहे. शिंगाचं टोक झिजलेलं आहे का? तेही आहे.

"मग काय न्हाई, आक्का?"

"समदं हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्यो त्यो न्हाई."

दादांनी फौजींना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, दोघांचं एकमेकांत मिटावं म्हणून. फौजी म्हणाले, तिचं मनावर घेऊ नका, छापून टाका. "जनावर गेल्यापास्नं तिचं असंच चाललंय. आता खरा बैल आणून दारात उभा केला तरी न्हाई म्हणंल ती." हे त्या बाईंनी ऐकलं. पदर तेवढा घट्ट ओढून घेतला.

फोन ठेवल्यावर दादांनी हळू आवाजात विचारलं, आक्का, झालं काय होतं? तेव्हा कळलं. त्यांची लेक कोयनानगरला दिलेली. तिच्या बाळंतपणाला त्या गेल्या होत्या. बैलाचं पोट फुगल्याचा फोन आला तेव्हा त्या तिथून निघाल्या, पण डोंगरातून निघून, गाड्या बदलून घरी येईपर्यंत सगळं उरकलं होतं. पुरलेल्या जागेवर माती ओली होती. खोंड असल्यापासून त्यांनी वाढवलेला. फौजी तेव्हा नोकरीवर असायचे, सुट्टीला यायचे. दूध पाजलं त्यांनी, वेसण घातली तेव्हा रात्रभर जवळ बसल्या त्या, आणि शेवटचं तोंड बघायचं राहिलं ते त्यांचंच. "म्हणलं, फोटूत तरी बघीन," त्या म्हणाल्या. "तर फोटूतबी दुसराच." एवढ्याशा आवाजात बोलल्या, पण मी आतून ऐकलं.

मग त्यांनी एक गोष्ट केली, तिचा अर्थ दादांना कळला नाही. त्या खुर्चीवरून उठल्या आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन वाकून बघू लागल्या. दादांना वाटलं, त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी पडदा त्यांच्याकडं वळवला. आक्का पुन्हा पलीकडं सरकल्या. मी असं बघितलं होतं. गोठ्यात शिरताना आपण जनावराच्या ज्या अंगाला जातो, त्या अंगाला जायला वाट मिळाली नाही की बाईमाणूस असंच करतं.

मला वाटलं, सांगावं. आणि लगेच वाटलं, नको. दादांनी केलेली मांडणी, खुद्द फौजींची परवानगी आलेली, आणि मी आजवर कधी त्या काचेच्या पुढं गेलेले नव्हते. माझं म्हणणं चूक निघालं तर त्या बाईंना आणखी एकदा वेडं ठरवल्यासारखं झालं असतं. पण दादांचा हात छपाईकडं वळलेला दिसला आणि मी उठले. बाहेर जाऊन उभी राहिले. दादा माझ्याकडं बघतच राहिले.

मी आक्कांना विचारलं, "आक्का, दावणीला त्याच्या डाव्या अंगाला कोण असायचं?"

"जोडीचा," त्या म्हणाल्या. "मारका हाय त्यो. दोघांच्या मधी कुणाला शिरू देत न्हाई. मालकास्नीबी न्हाई."

जुवाला ज्या बाजूला जुंपायचं, दावणीलाही त्याच बाजूला बांधायची पद्धत. हा उजव्या खांद्याचा, म्हणजे उजवीकडं. म्हणजे दार त्याच्या उजव्या अंगालाच असणार. एवढी वर्षं त्या बाईंनी त्याला दारातून, उजव्या अंगानंच बघितलेलं. तिथूनच वैरण, तिथूनच पाणी, तिथूनच हात फिरवणं. डावं अंग त्यांना कधी मिळालंच नव्हतं. आणि आम्ही त्यांच्या बैलाच्या सगळ्या खुणा नेऊन त्या अंगावर ठेवल्या होत्या.

मी दादांना म्हणाले, दादा, बैल उलटा केलाय तो सुलटा करा.

दादा म्हणाले, वैनी, बटण दाबल्यानं बैल बदलतो व्हय? पण त्यांनी दाबलं. हा त्यांचा मोठेपणा मी विसरणार नाही. गिऱ्हाइकासमोर बाईमाणसानं सांगितलेलं ऐकायला बरंच काही लागतं. बैल पडद्यावर फिरला. आक्का होत्या तिथंच थांबल्या. मग त्यांचा हात आपोआप वर गेला, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीशी, जिथं जनावराला खाजवलेलं आवडतं तिथं. पडद्याच्या काचेला बोटं लागली तेव्हा त्यांनी हात मागं घेतला.

"ह्यो," त्या म्हणाल्या.

दादांनी मान हलवली. पण त्यांचा नियम मोडत होता. बैल आता फ्लेक्सच्या बाहेर बघत होता आणि फौजी हात जोडून त्याच्या पाठीला नमस्कार करत होते. दादा म्हणाले, आक्का, असं कसं छापायचं, लोक हसतील.

"मग मालकास्नी हलवा की," आक्का म्हणाल्या. "त्यास्नी हितं काय न् तितं काय."

दादांना हसू आवरेना. त्यांनी बैल मानाच्या जागी डावीकडं नेला आणि फौजींना उजवीकडं. फौजींचा फोटो वर्दीतला होता, थोडा उजवीकडं वळलेला, त्यामुळं आता ते बाहेर बघायला लागले. दादा म्हणाले, यांना उलटं करू. आक्का घाईनं म्हणाल्या, "त्यास्नी नगा उलटं करू. पदकं उजव्या अंगाला गेली तर जेवायचे न्हाईत." मग आक्कांच्या फोनमधनं फौजींचा समोरून काढलेला दुसरा फोटो शोधला. तो साध्या शर्टातला होता, पण सरळ बघणारा.

तिथं काम संपलं असं दादांना वाटलं. मला आक्कांच्या तोंडावर अजून काहीतरी दिसत होतं. एकदा बोलले होते, त्यामुळं दुसऱ्यांदा सोपं गेलं. मी त्यांना आत बोलावलं आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसवलं. तोवर माझ्या शेजारी कुणी बसलेलं नव्हतं. त्या बराच वेळ बैलाच्या डोळ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोळा लय उघडा हाय. ही मैदानातली नजर. घरातली न्हाई ही."

खरंच फोटो मैदानावरचा होता. डोळ्यात पांढरं दिसत होतं. लोक, हलगी, आरडाओरडा, या सगळ्यात जनावर जसं बघतं तसा तो बघत होता, आणि मी ते जसंच्या तसं उतरवलं होतं. मी विचारलं, घरी कसा बघायचा?

त्यांनी सांगितलं नाही. करून दाखवलं. मान थोडी खाली, आणि पापण्या निम्म्या. पन्नाशीची बाई बैलासारखी बघत माझ्या शेजारी बसली होती आणि आम्हाला दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी काढत गेले, त्या सांगत गेल्या. अजून जरा खाली. आता झोपला, इतका नको. खालच्या पापणीला ओल असायची, माशा बसायच्या तिथं. ती ओल काढली तेव्हा त्या गप्प झाल्या, म्हणून मला कळलं की बरोबर आलं. दुपारची त्यांची गाडी चुकली. माझ्या डब्यातली भाकरी आम्ही दोघींनी खाल्ली. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुमी कुठल्या? मी वाडीचं नाव सांगितलं. माझ्या लेकीच्या वाटंवरच की, त्या म्हणाल्या. ते काही अगदी वाटेवर नाही, पण मला बरं वाटलं.

शेवटी दोन चित्रं झाली. फ्लेक्सला मैदानातल्या नजरेचा, कारण फौजी आणि गाव त्यालाच ओळखत होते. फ्रेमला घरातला.

त्या दुपारनंतर माझी काम करायची रीतच बदलली. ते स्टूल आता तिथंच असतं. ज्यांचं चित्र काढायचं, त्यांच्या घरचं कुणीतरी येऊन त्यावर बसतं, आणि मी आधी विचारते, तुम्ही कुठल्या अंगाला असायचा? आई चुलीपाशी असताना तुम्ही कुठं बसायचा? वडील सायकलवरून न्यायचे तेव्हा पुढं का मागं? लोकांना आधी नवल वाटतं. पण मागं बसणाऱ्या मुलीला बापाचा चेहरा आठवत नसतो, मान आठवत असते. मग मी मान नीट काढते. फोटोत सगळं असतं, पण ते फोटो काढणाऱ्याच्या जागेवरून असतं. माझं काम त्याला घरच्या माणसाच्या जागेवर आणून ठेवायचं. एवढंच मला चित्राबद्दल कळलेलं आहे. आता मागचं आभाळ, उसाचा मळा, उगवता सूर्य हे सगळं दादा मशीनला सांगून करून घेतात, मिनिटाचं काम. मला त्याचा राग नाही. उलट माझा वेळ वाचतो आणि तो मला डोळ्यांना देता येतो.

तेराव्याला आक्कांनी बजावून बोलावलं होतं. मी एकटी कुठं जात नाही, म्हणून जावेला बरोबर घेतलं. चौकात फ्लेक्स लागला होता आणि त्याच्यासमोर माणसं उभी राहून शर्यतीच्या गोष्टी सांगत होती. फौजींनी डोकं भादरलं होतं, बापाचं करतात तसं. मांडवात भजन चालू होतं. आम्हाला त्यांनी घरात नेलं. पुढच्या सोप्यात फ्रेम पाटावर ठेवलेली, समोर नैवेद्याचं पान. फौजींनी ती पहिल्यांदाच नीट बघितली असावी. बराच वेळ बघून म्हणाले, "झोपाळू दिसतोय की ओ. असा कवा बघितला न्हाई मी त्येला."

"तुमच्याम्होरं कवा झोपलाय त्यो?" आक्का आतून म्हणाल्या. "तुमी आलासा की त्येला वाटायचं, चला आता जुपत्यात."

सगळे हसले. फौजीही हसले, पण मग त्यांनी फ्रेम उचलून उजेडात धरली आणि पुन्हा बघितली. आक्कांना उद्देशून म्हणाले, फोनवर बोललो ते बोललो, मनात ठेवू नको. आक्कांनी त्यांना पुढं बोलायला लावलं नाही.

जेवणं झाल्यावर जाऊ बायकांत बसली आणि मी परसात हात धुवत होते. फौजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, कोयनेहून आल्यापासून ही गोठ्यात पाय टाकत नाही, वैरणपाणी मीच करतो. त्यांनी एवढं सांगितलं आणि पाहुण्यांकडं गेले. मला काय करायला सांगत होते ते मला कळलं नाही. काही करावंही लागलं नाही. आक्का फ्रेम हातात घेऊन बाहेर आल्या. सोप्यात लावायची म्हणून खिळा ठोकून ठेवला होता, पण त्या परसातून सरळ गोठ्याकडं निघाल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "या की."

मी मागं गेले. दारापासचा खुंटा मोकळा होता. पलीकडं जोडीचा बैल आम्हाला बघून फुत्कारला आणि शिंगं हलवली. मी दारातच थांबले. आक्कांनी फ्रेम दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवली, स्वतःच्या डोळ्याच्या उंचीला, आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बाहेर टाळ वाजत होते. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

मोकळ्या जागेच्या गव्हाणीत गेलेल्या बैलानं अर्धवट खाल्लेली वैरण तशीच पडलेली होती. वाळून कडक झालेली. फौजींनी तिला हात लावला नव्हता. आक्का वाकल्या, ती दोन्ही हातांनी गोळा केली, आणि मोकळ्या खुंट्याच्या जागेतून पुढं होऊन जोडीच्या त्या मारक्या बैलासमोर टाकली. त्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि खायला लागला.